डेटाचं कोठार बांधण्याआधी कोणता निर्णय बदलायचा ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: घाऊक वितरणाचा व्यवसाय, अनेक शाखा, काही हजार प्रकारचा माल. ऑर्डरी एका सॉफ्टवेअरमध्ये, हिशेब दुसऱ्यात, वेबसाइटच्या नोंदी तिसरीकडे आणि गोदामाची शिल्लक एक्सेलमध्ये. सगळा डेटा एकत्र आणून मोठी 'बिग डेटा' यंत्रणा घ्यावी, म्हणजे निर्णय सुधारतील, असं संचालकांना वाटतं. खरंच सुधारतात का, सुरुवात कुठून करायची आणि यंत्रणा केवढी लागेल?

सुधारतात, हे मी वीसेक वर्षांच्या कामावरून खात्रीनं सांगतो. पण संचालक म्हणतात त्या क्रमानं गेलात तर बहुधा सुधारणार नाहीत. 'आधी सगळं गोळा करू, मग त्यातून काय निघतं ते बघू' या वाटेनं गेलेली बरीच कामं मी जवळून पाहिली आहेत. एका उत्पादक कंपनीत दीड वर्ष खपून सगळ्या विभागांचा डेटा एका जागी आणला होता, डॅशबोर्ड, म्हणजे आकडे आणि आलेख एका नजरेत दाखवणारे पडदे, भरपूर होते, दिसायलाही चांगले होते. मी तिथे गेलो तेव्हा खरेदीप्रमुख अजूनही गोदामात फोन करून 'किती उरलंय, किती मागवू' असं विचारत होते आणि त्यावरच ऑर्डर देत होते. त्यांचा काही दोष नव्हता. सोमवारी सकाळी तुम्ही नक्की काय ठरवता आणि ते ठरवताना कुठे अडता, हे त्या दीड वर्षात त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

म्हणून मी उलट्या दिशेनं येतो. आधी एक निर्णय, तो घेणारा माणूस आणि तो घेण्याची वेळ ठरवायची. त्या निर्णयाला कोणता आकडा लागतो ते पाहायचं. मग तो आकडा काढायला कोणत्या नोंदी लागतात ते शोधायचं. यंत्रणेचा विचार त्यानंतर.

तुमच्या धंद्यातला सर्वांत नेहमीचा निर्णय घेऊ: दर आठवड्याला कोणत्या शाखेसाठी कोणता माल किती मागवायचा. बहुतेक ठिकाणी यासाठी सरासरी विक्रीचा रिपोर्ट बनवतात. आठवड्याला सरासरी १०० नग जातात, तर १०० मागवा. पण मागणी सरासरीच्या वर-खाली होत असते, त्यामुळे सरासरीइतका माल ठेवला तर साधारण निम्म्या आठवड्यांत तो कमी पडणार. हे चालेल की नाही, ते कमी पडण्याचा आणि जास्त होण्याचा तोटा किती यावर ठरतं. समजा एक नग कमी पडला तर ३ एकक नफा बुडतो आणि एक नग उरला तर १ एकक नुकसान होतं. मग ३ भागिले (३ अधिक १), म्हणजे ०.७५. चारपैकी तीन आठवडे पुरेल एवढा साठा ठेवणं फायद्याचं. नाशवंत मालाचं गणित उलटंही असू शकतं: कमी पडला तर १ बुडतो, उरला तर ३ जातात. मग चारपैकी एकाच आठवड्यात पूर्ण पुरेल एवढाच माल ठेवणं शहाणपणाचं ठरतं. साठ्याच्या अभ्यासात हे गणित 'न्यूजव्हेंडर' नावानं शिकवतात. वर्तमानपत्र विकणाऱ्यानं सकाळी किती अंक उचलावेत, या प्रश्नावरून ते नाव पडलं. न खपलेला माल पुढच्या आठवड्यात विकता येत असेल, तर 'उरल्याचा तोटा' म्हणजे तो आठवडाभर सांभाळायचा खर्च, एवढाच फरक.

एवढ्या छोट्या हिशेबानं किती गोष्टी ठरल्या बघा. महिन्याची एकूण विक्री साठवून भागणार नाही, कारण सरासरीच्या जोडीला चढउतारही हवेत. म्हणजे नोंद शाखा, माल आणि दिवस या पातळीवर लागेल. प्रत्येक मालावरचा खरा नफा लागेल, आणि तो हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. माल सांभाळायचा खर्च लागेल. पुरवठादार किती दिवसांनी माल देतो ते लागेल, आणि तेही त्यानं कबूल केलेले दिवस धरून चालणार नाही. प्रत्यक्षात माल केव्हा पोहोचला ती तारीख हवी. वेबसाइटवर कुणी कुठे क्लिक केलं याची मात्र या निर्णयाला गरज नाही, निदान आज तरी नाही.

आणखी एक गोष्ट लागेल, जी तुमच्या कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये नसण्याची दाट शक्यता आहे. माल संपलेला होता तो काळ.

इथे जरा थांबतो, कारण माझ्या पाहण्यात सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. विक्रीची नोंद म्हणजे मागणीची नोंद नव्हे. मंगळवारी दुपारी माल संपला, शुक्रवारी नवा आला, तर मधल्या दिवसांची विक्री शून्य दिसते. संगणकाला त्या शून्याचा अर्थ 'कुणाला नको होता' असाच लागतो. तो पुढच्या आठवड्याचा अंदाज खाली आणतो, ऑर्डर कमी जाते, माल आणखी लवकर संपतो, विक्री आणखी घटलेली दिसते. उत्तम खपणारा माल असा हळूहळू यादीतून बाहेर पडताना मी पाहिला आहे, आणि दर महिन्याचा रिपोर्ट त्या प्रत्येक पावलाला दुजोरा देत होता. उपाय अवघड नाही. शिल्लक शून्यावर कधी आली आणि पुन्हा कधी भरली, या दोन वेळा नोंदवायच्या आणि ते दिवस सरासरीतून वगळायचे किंवा त्यांच्यासाठी वेगळा अंदाज बांधायचा. माल मागितला आणि न मिळाल्यानं परत गेला अशा गिऱ्हाइकाची नोंद करता आली तर त्याहून चांगलं.

जे नोंदवलंच गेलं नाही त्याचा विचार करण्याची ही सवय जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात कोलंबिया विद्यापीठातल्या संख्याशास्त्रीय गटात काम करणाऱ्या अब्राहम वाल्ड या गणितज्ञानं, परत आलेल्या विमानांवरच्या माऱ्याच्या खुणांवरून परत न आलेल्या विमानांबद्दल काय अनुमान करता येतं, याचं गणित मांडलं होतं. परतलेल्या विमानावर जिथे खुणा कमी, तिथला मार बहुधा जीवघेणा; तिथे मार खाल्लेली विमानं मोजायला परत आलेलीच नसतात. तुमच्या डेटात फक्त झालेल्या विक्रीच्या खुणा आहेत.

आता शब्दांकडे येतो. एखाद्या बैठकीत विक्री विभाग, अकाउंट्स आणि गोदाम या तिघांना 'गेल्या महिन्याची विक्री किती?' असं विचारा. तीन आकडे येतील आणि तिघंही खरं बोलत असतील. विक्री विभाग आलेल्या ऑर्डरी मोजतो, अकाउंट्स फाडलेली बिलं मोजतं, गोदाम बाहेर पडलेला माल मोजतं. परत आलेला माल कुणी वजा करतं, कुणी करत नाही. महिन्याच्या शेवटच्या दिवशी आलेली ऑर्डर कुणाच्या लेखी या महिन्याची, कुणाच्या लेखी पुढच्या. 'ग्राहक' या शब्दाचंही तेच: बिल ज्याच्या नावे तो, माल उचलतो तो, की वेबसाइटवर खातं उघडलं तो? या वादावर यंत्रणा विकत घेऊन तोडगा निघत नाही. माणसांनी एकत्र बसून अर्थ ठरवायचा, लिहून काढायचा आणि ज्यांचा आकडा बदलेल त्यांची संमती घ्यायची. विक्रीचे तीनही अर्थ कामाचे असतील तर तिन्ही ठेवा, पण तीन वेगळ्या नावांनी. मी पहिल्या महिन्याचा मोठा भाग यातच घालवतो. त्या काळात दाखवण्यासारखं काहीच तयार होत नसल्यामुळे व्यवस्थापन अस्वस्थ होतं, हे मला ठाऊक आहे; तरीही मी हा भाग आटोपता घेत नाही.

याचीच तांत्रिक बाजू म्हणजे टेबलमधल्या एका ओळीचा अर्थ. एक ओळ म्हणजे एक ऑर्डर, की ऑर्डरमधला एक माल, की पैशांचा एक हप्ता? हे न ठरवता टेबलं जोडली की आकडे फुगतात. एका ऑर्डरचे पैसे तीन हप्त्यांत आले आणि कुणी ऑर्डरींचं टेबल हप्त्यांच्या टेबलाला जोडून रकमेची बेरीज केली, तर ती ऑर्डर तीनदा मोजली जाते. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, बिनतक्रार चालते, चुकीची सूचना येत नाही, आलेखही सुंदर येतो. म्हणून प्रत्येक टेबलाच्या माथ्यावर 'इथली एक ओळ म्हणजे अमुक' असं एक वाक्य लिहून ठेवण्याचा माझा आग्रह असतो.

आता यंत्रणा केवढी हवी, ते बघू. तुमचे आकडे मला माहीत नाहीत, तेव्हा सढळ हातानं धरतो. रोज ५० हजार ऑर्डर-ओळी, वर्षाचे ३६५ दिवस: १ कोटी ८२ लाख ५० हजार ओळी. पाच वर्षांच्या ९ कोटी १२ लाख ५० हजार. एका ओळीला २०० बाइट धरले तर सगळं मिळून साधारण १८ गीगाबाइट. विश्लेषणासाठी बनवलेल्या साठवणीत दाबून ठेवलं की सहसा याहून बरंच कमी. हे आजच्या एका साध्या लॅपटॉपवर मावतं, आणि योग्य डेटाबेस असेल तर त्यावरच्या बेरजा काही सेकंदांत होतात. शेकडो सर्व्हरचा ताफा ज्या कामासाठी जन्माला आला, ते काम तुमच्यापुढे नाही.

तो ताफा का जन्मला हे सांगितलं म्हणजे तुलना करणं सोपं जाईल. गूगलला सगळं वेब साठवायचं आणि चाळायचं होतं. एका यंत्रात ते मावणं शक्य नव्हतं आणि हजारो स्वस्त यंत्रं वापरली की त्यांतली काही रोज बिघडणार हे ठरलेलं. २००३ साली त्यांनी आपल्या फाइल-व्यवस्थेबद्दल आणि २००४ साली मॅपरिड्यूस या, हिशेब अनेक यंत्रांत वाटून करण्याच्या पद्धतीबद्दल शोधनिबंध प्रसिद्ध केले. त्यांच्या आधारे २००६ च्या सुमारास हडूप हे सॉफ्टवेअर उभं राहिलं. त्यात फाइलचे मोठे तुकडे करतात, प्रत्येक तुकड्याच्या सहसा तीन प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवतात, आणि डेटा हिशेबाकडे नेण्याऐवजी हिशेबच डेटा असेल त्या यंत्राकडे पाठवतात. पुढे अमेरिकेतल्या बर्कलीच्या विद्यापीठात २००९ मध्ये सुरू झालेल्या स्पार्क या सॉफ्टवेअरनं मधले निकाल मेमरीत ठेवून हे काम पुष्कळ वेगवान केलं. हे सगळं मोलाचं काम आहे. पण ज्या अडचणीवर ते उत्तर आहे ती अडचण आपल्याला नसेल, तर त्या यंत्रणेची देखभालच आपली नवी अडचण होऊन बसते.

तुम्हाला लागणारी कल्पना याहून जुनी आणि सोपी आहे. रोजचे व्यवहार चालवणारी यंत्रणा आणि त्या व्यवहारांचा अभ्यास करणारी यंत्रणा वेगळी ठेवायची. पहिलीत एकेक ऑर्डर पटकन लिहायची असते, म्हणून एका ओळीची सगळी माहिती शेजारी-शेजारी ठेवतात. दुसरीत कोट्यवधी ओळींतले दोन-तीनच रकाने वाचायचे असतात, म्हणून प्रत्येक रकाना एकसलग ठेवणं फायद्याचं. टेबलात १०० रकाने असले आणि प्रश्न तीनच रकान्यांचा असला, तर उरलेले ९७ वाचावेच लागत नाहीत. शिवाय एका रकान्यात सारख्या प्रकारची माहिती असल्यानं ती चांगली दाबली जाते. पार्के या फाइल-प्रकाराचं आणि आजच्या बहुतेक विश्लेषण-डेटाबेसांचं इंगित हेच आहे. चालू ऑर्डरींच्या डेटाबेसवरच जड रिपोर्ट चालवले की ऐन गर्दीत बिलं अडकतात. हे तुम्ही अनुभवलंही असेल.

अभ्यासासाठी वेगळ्या ठेवलेल्या अशा डेटाच्या कोठारालाच 'वेअरहाउस' म्हणतात. हा शब्द आयबीएममधल्या बॅरी डेव्हलिन आणि पॉल मर्फी यांच्या १९८८ च्या लेखापासून या अर्थानं रुळू लागला. अशा कोठारांच्या रचनेवर लिहिणाऱ्या बिल इनमन यांनी त्याला चार लक्षणं दिली: विषयानुसार मांडणी, सगळ्या स्रोतांचा मेळ, काळाची नोंद, आणि एकदा आलेलं न पुसणं. याच विषयातले दुसरे जाणकार राल्फ किंबॉल यांनी मधोमध घटनांचं टेबल आणि भोवती माल, शाखा, ग्राहक, तारीख अशी वर्णनाची टेबलं, ही ताऱ्यासारखी मांडणी लोकप्रिय केली. दोघांच्या अनुयायांत वर्षानुवर्षं वाद झाले. तुमच्या आकाराच्या कामाला मी किंबॉलची मांडणी सुचवेन, कारण ती खरेदीप्रमुखाला कागदावर काढून दाखवली तर पाच मिनिटांत समजते. 'डेटा लेक' म्हणजे कच्चा डेटा जसा येईल तसा स्वस्त साठवणीत टाकून ठेवणं. २०१० मध्ये जेम्स डिक्सन यांनी ही उपमा दिली. तिचा एक भाग जरूर घ्या: स्रोताकडून आलेली मूळ फाइल जशीच्या तशी, तारखेसह, कायम बाजूला ठेवा. साफसफाईच्या नियमात पुढे चूक सापडली तर पुन्हा पहिल्यापासून बांधता येतं. बाकी क्लाउडवरचं, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या यंत्रांवर इंटरनेटवरून भाड्यानं वापरायचं वेअरहाउस घ्यावं की स्वतःच्या सर्व्हरवर साधा डेटाबेस, याचं उत्तर तुमच्याकडे देखभालीला माणूस आहे की नाही यावर ठरेल. माणूस नसेल तर क्लाउड. फक्त तिथे किती डेटा चाळला किंवा किती वेळ यंत्र चाललं यावर बिल येतं, तेव्हा खर्चाची मर्यादा पहिल्याच दिवशी लावा.

इनमन यांच्या चार लक्षणांतलं 'काळाची नोंद' हे लक्षण मात्र वरवर वाचू नका. एखादा ग्राहक मार्चमध्ये एका शाखेतून दुसऱ्या शाखेकडे गेला. रोजच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याची शाखा बदलली, जुनी पुसली गेली. आता गेल्या वर्षीचा शाखावार रिपोर्ट काढला तर त्याची सगळी जुनी खरेदी नव्या शाखेच्या नावावर दिसते. जुन्या शाखेचा व्यवस्थापक म्हणतो, 'माझा आकडा जानेवारीत वेगळा होता', आणि त्याचं बरोबर असतं. कोठारात अशा बदलासाठी नवी ओळ घालायची, प्रत्येक ओळीवर 'केव्हापासून' आणि 'केव्हापर्यंत' या दोन तारखा ठेवायच्या आणि प्रत्येक विक्री त्या वेळी लागू असलेल्या ओळीला जोडायची. मालाचा गट, किंमत, पुरवठादार, विक्री प्रतिनिधी या सगळ्यांना हेच लागू. सगळंच असं जपायची गरज नाही. फोन नंबर बदलला तर सरळ बदला.

पुढे कधी अंदाज बांधणारं मॉडेल केलंत तर ही शिस्त फार उपयोगी पडते. कोणता ग्राहक पैसे थकवेल याचं एक मॉडेल माझ्याकडे तपासायला आलं होतं, अचूकता थक्क करणारी होती. पाहिलं तर त्यात 'वसुली प्रतिनिधीचं नाव' हा रकाना होता. प्रतिनिधी नेमला जातो तोच मुळी पैसे थकल्यावर. मॉडेलला उत्तर आधीच कळलेलं होतं. निर्णयाच्या क्षणी जे माहीत होतं तेवढंच मॉडेलला द्यायचं, आणि त्यासाठी कोणती गोष्ट केव्हा कळली हे साठवलेलं असावं लागतं.

डेटा रोज येऊ लागला की रोज त्याचा ताळा करा. स्रोतात किती ओळी होत्या, कोठारात किती आल्या, बिलांची बेरीज अकाउंट्सच्या बेरजेशी जुळते का, एखादी शाखा आज पूर्ण गप्प आहे का. जुळलं नाही तर रिपोर्ट न पाठवता 'आजचा आकडा तपासणीत आहे' असं कळवायचं. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये करोनाच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्याच नाहीत. प्रयोगशाळांकडून आलेला डेटा एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये भरला जात होता, तिची मर्यादा ६५,५३६ ओळींची, आणि मर्यादेपलीकडचं गळून गेलं. त्या रुग्णांच्या संपर्कातल्या लोकांना शोधायलाही तितकाच उशीर झाला. 'पाठवल्या किती, पोहोचल्या किती' एवढी एक तुलना रोज झाली असती तर हे पहिल्याच दिवशी दिसलं असतं. गोदामाची शिल्लक एक्सेलमध्ये आहे असं तुम्ही लिहिलंत, तिथून डेटा आणताना ही तपासणी विसरू नका.

विश्लेषणातल्या चुकांबद्दल पुष्कळ लिहिता येईल. तुमच्या धंद्यात हमखास भेटणाऱ्या तीनच सांगतो.

पहिली, एकूण आकडा एक सांगतो आणि तुकडे दुसरं. बर्कली विद्यापीठात १९७३ च्या पदव्युत्तर प्रवेशांत पुरुष अर्जदारांपैकी सुमारे ४४ टक्के आणि स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्के निवडले गेले होते. विभागवार पाहिल्यावर स्त्रियांविरुद्धचा तसा कल दिसेना. स्त्रियांचे अर्ज ज्या विभागांकडे जास्त होते तिथे प्रवेश मिळणंच सर्वांसाठी अवघड होतं. तुमच्याकडे एका शाखेचा नफ्याचा दर दुसरीपेक्षा कमी दिसला, तर शाखाप्रमुखाला बोलावण्याआधी एकेका मालगटाचा दर पाहा. कदाचित प्रत्येक गटात ती शाखा पुढेच असेल, फक्त तिच्याकडे कमी नफ्याचा माल जास्त खपत असेल.

दुसरी चूक प्रामाणिक माणसांकडूनच होते. या तिमाहीत सर्वांत मागे पडलेल्या पाच शाखा निवडल्या, तिथे प्रशिक्षण दिलं, पुढच्या तिमाहीत पाचांपैकी चार सुधारल्या. प्रशिक्षण लागू पडलं असं सगळ्यांना वाटतं. पण तळाशी असण्यात थोडा वाटा वाईट योगायोगाचाही असतो आणि तो पुढच्या वेळी टिकत नाही, म्हणून काहीही न करता त्यांतल्या बऱ्याच शाखा वर आल्याच असत्या. हे ओळखायचा मार्ग एकच: मागे पडलेल्या दहा शाखा घ्या, चिठ्ठ्या टाकून पाच निवडा, त्यांना प्रशिक्षण द्या आणि उरलेल्या पाचांशी तुलना करा. उरलेल्या पाचांना पुढच्या तिमाहीत द्या, म्हणजे कुणावर अन्यायही होत नाही. पाच-पाच शाखा म्हणजे तुलना ढोबळच राहणार, लहान फरक तिच्यात दिसणार नाहीत. तरीही चिठ्ठीशिवायच्या तुलनेपेक्षा ती कितीतरी भरवशाची.

वेबसाइटवर असे प्रयोग सोपे जातात, पण तिथे संख्या लागते. १०० पैकी ५ जण खरेदी करतात आणि नव्या मांडणीनं ते प्रमाण ५.५ होईल अशी अपेक्षा असेल, तर तो फरक भरवशानं ओळखायला प्रत्येक गटात साधारण ३० हजार माणसं हवीत. दोन दिवसांच्या आकड्यांवर कुणी विजय जाहीर करू लागलं तर त्याला हा आकडा दाखवा. आणि अशा प्रयोगांतून अनुभवी माणसांचे अंदाजही चुकलेले दिसतात. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या बिंग शोधयंत्रात जाहिरातीचा मथळा दाखवण्याच्या पद्धतीत सुचवलेला एक छोटा बदल कित्येक महिने बाजूला पडून होता. एका अभियंत्यानं तो तपासून पाहिला, उत्पन्न १२ टक्के वाढलं.

तिसरी चूक मोठ्या डेटावर आंधळा विश्वास ठेवण्याची. अमेरिकेत १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीआधी लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकानं सुमारे १ कोटी मतपत्रिका पाठवल्या, २० लाखांहून जास्त परत आल्या, आणि त्यावरून अध्यक्ष रूझवेल्ट यांच्याविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार असं जाहीर केलं. जिंकले रूझवेल्ट, आणि तेही प्रचंड फरकानं. नावं टेलिफोन आणि मोटारींच्या याद्यांसारख्या ठिकाणांहून घेतलेली होती, शिवाय उत्तर पाठवणारे न पाठवणाऱ्यांपेक्षा वेगळे होते. जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान नमुन्यावरून निकाल बरोबर सांगितला. तुमच्या वेबसाइटच्या नोंदी कोट्यवधी असल्या तरी त्या वेबसाइट वापरणाऱ्यांच्याच आहेत. फोनवरून मागवणाऱ्या जुन्या ग्राहकांबद्दल त्या काहीही सांगत नाहीत, आणि तुमच्या धंद्यात मोठी उलाढाल त्यांचीच असू शकते.

ग्राहकांची वैयक्तिक माहिती गरजेपेक्षा जास्त कोठारात आणू नका. नाव काढून टाकलं म्हणजे ओळख पुसली असं होत नाही. संगणकशास्त्रज्ञ लताना स्वीनी यांनी अमेरिकेच्या १९९० च्या जनगणनेवरून दाखवलं की पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीन गोष्टींवरून तिथले सुमारे ८७ टक्के लोक एकमेव ठरू शकतात. साठ्याच्या निर्णयाला ग्राहकाची जन्मतारीख लागत नाही. मग ती मूळ यंत्रणेतच राहू द्या.

माणसांबद्दल. पहिली नेमणूक मशीन लर्निंगच्या, म्हणजे डेटावरून संगणकाला अंदाज बांधायला शिकवणाऱ्या तज्ज्ञाची करू नका. तुमच्याच खरेदी किंवा अकाउंट्स विभागातली एखादी चौकस व्यक्ती निवडा, जिला आकडा बघूनच 'हे काहीतरी चुकलंय' असं वाटतं. तिला एसक्यूएल ही डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा शिकवा. कामापुरतं काही आठवड्यांत येतं. धंदा समजायला मात्र वर्षं जातात. तिच्या जोडीला डेटा रोज सुखरूप आणणारा एक अभियंता हवा, सुरुवातीला अर्धवेळ असला तरी चालेल. मॉडेल करणारा माणूस वर्षभरानं आणा.

आणि निर्णयांची एक वही ठेवा, कागदाची असली तरी चालेल. तारीख, काय ठरवलं, कोणत्या आकड्यावरून, काय होईल असं वाटतं आणि किती दिवसांनी परत बघायचं. ती तारीख आली की वही उघडायची. आकडा चांगला होता पण निर्णय चुकला, की आकडाच चुकीचा होता, हे तेव्हा कळतं आणि कोठारात पुढे काय घालायचं तेही त्यावरूनच ठरतं. एक सावधगिरी बाळगा: या आकड्यांवर लगेच कुणाचं बक्षीस किंवा बढती बांधू नका. बांधलीत तर लोक आकडा सांभाळायला लागतात, आणि माल संपल्याची नोंद सर्वांत आधी बंद होते.

तुमच्यासाठी मी सुरुवात अशी करेन. एक शाखा, सर्वांत जास्त खपणारे ५० माल, आणि साप्ताहिक ऑर्डर हा एकच निर्णय. ऑर्डर, बिल आणि शिल्लक या तीन स्रोतांतून रोज रात्री डेटा आणायचा, ताळा करायचा, आणि सोमवारी सकाळी खरेदीप्रमुखाच्या हातात एक पान द्यायचं: प्रत्येक मालापुढे सुचवलेली संख्या आणि शेजारी तिचं कारण. त्यांनी संख्या बदलली तर का बदलली ते त्याच पानावर लिहायला सांगायचं. त्यांची ती कारणं तुमच्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये नसतात; शेजारचा प्रकल्प बंद होतोय, पुरवठादाराचा कारखाना दुरुस्तीला जाणार आहे, अशा गोष्टी. तीन महिन्यांनी या शाखेचा तुटवडा आणि उरलेला माल जुन्या पद्धतीनं चालणाऱ्या तिच्यासारख्याच एका शाखेशी ताडून पाहा. मग दुसरी शाखा घ्या.

यंत्रणेचा निर्णय महिनाभर लांबला तरी बिघडत नाही, पण एका कामाला थांबू नका. प्रत्येक शाखेच्या गोदामात आजच सांगा की माल संपला की तारीख आणि वेळ लिहायची, भरला की पुन्हा लिहायची, आणि मागून परत गेलेल्याची एक रेघ ओढायची. सॉफ्टवेअर पुढच्या वर्षीही विकत मिळेल. या हंगामातल्या तुटवड्याची नोंद या हंगामातच करावी लागेल, आणि पुढच्या वर्षी याच दिवसांत किती मागवायचं ते तिच्यावरून ठरेल.